पेजेचं पथ्य

माझ्या बहिणीला पहिली फिट आली तेव्हा तिच्या सासूने तिच्या नाकाला चप्पल लावली. माझा राग तिथून सुरू होतो, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता कोणी माझी समजूत घालायला येऊ नये.

काजूचे दिवस होते. ताई सासरच्या खळ्यात बिया वाळत घालत होती आणि तिथेच आडवी झाली. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. तिची चार वर्षांची मुलगी बाजूलाच खेळत होती. चप्पल झाली, मग कांदा फोडून झाला, मग कोणीतरी लोखंडाची किल्ली तिच्या मुठीत कोंबली. दोन-तीन मिनिटांनी ती आपोआप सैल पडली, पण श्रेय गेलं किल्लीला. आठवड्याच्या आत दुसरी फिट आली, तेव्हा किल्लीचं काही चाललं नाही. मग सासूने देवळात कौल लावला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या अंगावर ओले तांदूळ चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि उजवा दाणा पडला तर एक उत्तर, डावा पडला तर दुसरं. देवावर माझा राग नाही. प्रश्न कोण घालतं आणि कसा घालतं, यावर आहे. त्या दिवशीचा प्रश्न होता, हे सासरचं की माहेरचं? उत्तर आलं, माहेरचं. डॉक्टरकडे न्यायचं की नाही, हा प्रश्न कोणी घातलाच नाही.

माहेरचं म्हणजे काय, हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्या घरून ताईबरोबर एक पत्र्याची ट्रंक, दोन पातेली आणि एक विळी गेली होती. त्यातलं काय तिच्या डोक्यात शिरलं असेल?

दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात बसवून माहेरी पाठवलं. मुलगी ठेवून घेतली. फिट येणारी बाई, पोर चुलीत टाकील नायतर विहिरीत, असं सासूचं म्हणणं. भावोजी मुंबईत एका कुरिअरच्या ऑफिसात होते. आमच्याकडे मुंबईचा माणूस फोनवरून घर चालवतो आणि सगळे ते चालवून घेतात. ते म्हणाले, सध्या आई म्हणते तसं करा. आणि तेवढ्यात वाडीभर बातमी झाली की आम्ही पोरीचं दुखणं लपवून लग्न लावलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत एकदाही न आलेली फिट लपवायची कशी, ते ज्याला माहीत असेल त्याने येऊन मला शिकवावं.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने दीड तास आत आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली आणि डिग्री भिंतीवर लावणारीही पहिलीच. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, वर लॅबचा डिप्लोमा केला, आणि आता शहरात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त, लघवी, शौच तपासते. काही नातेवाईक नाक मुरडून विचारतात, हेच का करायला शिकलीस? मी सांगते, हेच. बाबा गेल्यावर आईने दुसऱ्यांच्या बागेत आंबे भरून मला शिकवलं. ती स्वतः शाळेत गेलेली नाही.

तर ताईला मी रत्नागिरीला माझ्या भाड्याच्या खोलीवर आणलं आणि आईलाही बोलावून घेतलं. आठवड्यातून एकदा बाहेरगावाहून मेंदूचे डॉक्टर येतात, त्यांना दाखवलं. त्यांनी स्कॅन करायला लावला. फिल्म खिडकीसमोर धरून ते थोडा वेळ बघत राहिले आणि ताईला विचारलं, "डुक्कर खाता का?"

ताईने माझ्याकडे बघितलं. आईला आधी नीट ऐकू आलं नाही, आणि जेव्हा आलं तेव्हा ती उठून उभी राहिली. आम्ही मासे खाणारे, सणासुदीला कोंबडी. तिने डॉक्टरांना विचारलं की आम्ही तुम्हाला तसे दिसलो काय. डॉक्टरांनी हात हलवून तिला बसायला सांगितलं, जसं वर्गात एखाद्याला सांगतात. मग म्हणाले, मेंदूत पट्टकृमीच्या गाठी आहेत, पाच.

खरं सांगायचं तर आईइतकाच धक्का मला बसला होता. कॉलेजच्या जर्नलमध्ये मी पट्टकृमी काढलेला आहे. त्याचं डोकं, डोक्यावरचे आकडे, खाली पट्टीसारखे तुकडे. सरांनी लाल शाईत शाबासकी लिहिली होती. लॅबमध्ये त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आहेत. आणि तरी माझ्या डोक्यात एवढंच राहिलं होतं की जो डुक्कर खातो त्याला हा होतो. अर्धंच खरं आहे ते. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत होतो. पण त्या माणसाच्या शौचातून जी अंडी बाहेर पडतात, ती न धुतलेल्या हाताने, भाजीने, पाण्याने दुसऱ्या कोणाच्या पोटात गेली, तर त्यातून निघालेल्या अळ्या रक्तातून मेंदूत जाऊन बसतात. म्हणजे खाणारा एक आणि भोगणारा दुसरा. दूधसुद्धा उकळल्याशिवाय न पिणाऱ्याला होऊ शकतो हा आजार. हे डॉक्टरांना माहीत होतं. मग पहिला प्रश्न तोच का? मी तसं विचारलं. ते म्हणाले, विचारावं लागतं. मी म्हटलं, विचारा, पण पुढचं आधी सांगून विचारा. त्यांना ते आवडलं नाही.

औषध मात्र त्यांनी नीट समजावलं, तेवढं त्यांचं देणं मी नाकारत नाही. एखाद-दुसरी गाठ असती तर एका औषधाने भागलं असतं. पाच आहेत, म्हणून दोन औषधं जोडून द्यायची, अल्बेंडाझोल आणि प्राझिक्वांटेल. दोन्ही जंताला मारतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. जंत मरायला लागला की त्याच्याभोवती मेंदू सुजतो, म्हणून सूज उतरवणारी गोळी आधीपासून. आणि फिटची गोळी चौथी, ती सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. त्याआधी डोळे तपासून घ्यायचे, कारण डोळ्यात गाठ असली तर हे औषध देता येत नाही. शिवाय घरातल्या सगळ्यांचं शौच तपासून घ्या, म्हणाले. ज्याच्या पोटात जंत असेल तो त्याच स्वयंपाकघरातला असू शकतो.

हे मी भावोजींना फोनवर शब्दाशब्दाने सांगितलं. ते म्हणाले, "जंतच ना? मग शाळेत पोरांना फुकट देतात ती एक गोळी द्या की." आणि शौच तपासायची गोष्ट त्यांनी गावी असलेल्या आईला त्याच फोनवर जोडून घेऊन तिच्या कानावर घातली, तेव्हा सासूचा आवाज मला इथे ऐकू आला. "आमच्यात घान नाय. ज्यांच्यात हाय त्यांनी आपली तपासावी."

पण एक गोष्ट भावोजी बोलून बसले. रिपोर्ट साफ आला तर दिवाळीला येऊन घेऊन जातो. ताईने तेवढंच धरून ठेवलं. बाकी कोण काय म्हणालं ते तिला ऐकूच आलं नव्हतं जणू. मला ऐकू आलं होतं.

पहिले तीन दिवस तिला दवाखान्यात ठेवलं, मग घरी पाठवलं. औषध दहा दिवसांचं होतं. आईला वाचता येत नाही, आणि मला दिवसभर लॅबमध्ये असायचं. तर आईने चार करवंट्या आणल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि एकेकीत एकेक गोळी ठेवली. एका करवंटीला कुंकवाचा ठिपका, एकीला दोन ठिपके, असं करत. कुठल्या करवंटीतली किती वेळा, ते तिने एकदा ऐकलं आणि दहा दिवसांत एकदाही चुकली नाही. एखाद्या शिकलेल्या नर्सने ठेवावी तशी ती पाळी ठेवत होती.

आणि त्याच दहा दिवसांत तिने ताईला नुसती पेज दिली.

आमच्याकडे आजारी माणसाला पेज देतात. तांदळाची, मऊ, किंचित मीठ घातलेली. ताप येवो, बाळंतपण होवो, पाय मोडो, आधी पेज. पोट हलकं राहिलं की औषध लागू पडतं, यावर आईचा जितका विश्वास आहे तितका देवावरही नाही. आणि इथे तर दोन औषधं एकदम. चाळीतल्या एका बाईने तिला सांगितलं होतं, दोन-दोन जालीम औषधं पोटात एकमेकांशी भांडतील. आईने ते मनावर घेतलं. एका औषधाला साधं पथ्य, तर दोन औषधांना दुप्पट, असा तिचा हिशोब. तेल नाही, खोबरं नाही, मासा तर नाहीच. ताईचं डोकं दुखायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर फार दुखलं, आणि ते बघून आईने पेज आणखी पातळ केली.

मी काय करत होते? मी संध्याकाळी लॅबमधून यायचे आणि बघायचे की चारही करवंट्या रिकाम्या आहेत, म्हणजे सगळं ठीक. पेजेची वाटी मलाही दिसत होती. मला तीत काही वावगं वाटलं नाही. मीही त्याच पेजेवर वाढले आहे.

पुढचे सहा महिने ताई माझ्याकडेच राहिली. शेजारच्या बायकांची पिको-फॉलची कामं घ्यायला लागली. मुलीचा आवाज तिला रविवारी ऐकायला मिळायचा, तोही सासूच्या मनात असेल तर. गणपतीत मुलगी फोनवर म्हणाली, आजी सांगते तुझ्या डोक्यात किडे आहेत. ताई हसली आणि म्हणाली, होते, आता पळाले. फोन ठेवल्यावर ती पुन्हा शिवणाला बसली. मला तो फोन सासूच्या घरी नेऊन तिच्या कानात कोंबावासा वाटला. ताई म्हणाली, तू आधी चहा घे.

दिवाळी पंधरा दिवसांवर असताना दुसरा स्कॅन झाला. तिघी मिळून डॉक्टरांसमोर बसलो. पाचपैकी तीन गाठी तशाच होत्या.

डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल एकेक विचारलं. वेळेवर घेतल्या? घेतल्या. मध्ये बंद केल्या? नाही. उलटी झाली? नाही. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, गोळ्यांबरोबर खायला काय देत होता?

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून आई सहा महिने थांबली होती. ती सरळ होऊन बसली. "पथ्य कडक पाळलं, डॉक्टर. धा दिवस नुसती पेज. तेलाचा थेंब नाय, खोबऱ्याचा कीस नाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते आईशी बोलले नाहीत, माझ्याकडे वळले. "तुम्ही लॅबमध्ये काम करता ना? शिकलेल्या आहात ना तुम्ही?"

मग त्यांनी सांगितलं की अल्बेंडाझोल स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तरच नीट रक्तात उतरतं. तेल, तूप, खोबरं पोटात नसेल तर बरंचसं औषध तसंच बाहेर पडून जातं. आमच्या आईने जे जे म्हणून वर्ज्य केलं होतं, नेमकं तेच त्या गोळीला हवं होतं.

माझ्या पर्समध्ये जुनी चिठ्ठी होती. ती मी त्यांच्यासमोर टेबलावर उघडून ठेवली. "तुम्ही लिहिलंत 'जेवणानंतर'. आमच्याकडे पेज म्हणजे जेवणच."

त्यांच्या घरी पेज हे जेवण नसणार. त्यांच्या ताटात वरण-भात-तूप, पोळी, भाजी गृहीत असणार, आणि तेच ताट आमच्याही पुढ्यात असेल असं धरून त्यांनी एक शब्द लिहिला आणि सोडून दिला. बाहेर तीस माणसं बसलेली असतात, डॉक्टरांना वेळ नसतो, हे मला कळतं. पण सहा महिने एका बाईने आपली मुलगी बघितली नव्हती, आणि तिला वेळ कोण देणार होतं? आणि वर हे मला विचारतात, शिकलेल्या आहात ना? शिकलेच आहे. तुमचं औषध पोटात कसं विरघळतं हे मात्र मला कोणी शिकवलं नाही, आणि आमच्या पोटात काय असतं हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही.

हे शेवटचं मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

नंतर त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, ती इथे लिहिलीच पाहिजे. एका फेरीत सगळ्यांच्याच गाठी जातात असं नाही. तूप-खोबरं खाऊनही राहतात काहींच्या. पेजेमुळेच राहिल्या असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पुन्हा एकदा दोन्ही औषधं जोडून देऊ. नव्या चिठ्ठीवर त्यांनी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं, भरल्या पोटी, तूप किंवा खोबरं किंवा तळलेल्या मासळीबरोबर.

पण आईने पहिलंच तेवढं ऐकलं होतं. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "म्हंजे मीच तिचं औषध वाया घालवलं."

मी रागात होते. डॉक्टरांवर, सासूवर, स्वतःवर. त्यातलं जे हाताशी सापडलं ते मी तिच्यावर काढलं. म्हटलं, "हो." ताईने माझ्या मांडीला जोरात चिमटा काढला, पण तोवर शब्द गेला होता. आई त्या दिवशी जेवली नाही. माझ्या एवढ्या सगळ्या रागाच्या कहाणीत मला माझ्या स्वतःबद्दल जे सर्वांत जास्त खुपतं ते हेच एक अक्षर आहे.

भावोजींना कळवलं. ते म्हणाले, मग राहू दे यंदा. आणि दोन दिवसांनी कोणाच्या तरी तोंडून निरोप आला की सासरी दुसरं स्थळ बघायची भाषा चालू झाली आहे. ताईने तो निरोप ऐकला, शिवणाच्या मशीनचा दोरा ओवला आणि म्हणाली, गोळ्या कधीपासून सुरू करायच्या?

दुसऱ्या फेरीत आमच्या खोलीत लग्नघर उतरलं. तीन दिवस दवाखान्यातसुद्धा आई डबा पाठवायची तो तुपाने ओथंबलेला. घरी आल्यावर सकाळी घावणे आणि नारळाचा घट्ट रस, दुपारी बांगड्याची तळलेली तुकडी आणि खोबऱ्याचं वाटण लावलेली आमटी, संध्याकाळी पुन्हा तेच. दारावर येणारी मासेवाली मावशी चौथ्या दिवशी टोपली उतरवता उतरवता म्हणाली, काय गो, रोजच्या रोज बांगडे, घरात लगीन हाय काय? आई म्हणाली, "लगीन नाय, जंतांचं तेरावं." मावशी इतकी हसली की दोन बांगडे वर टाकून गेली. मध्ये संकष्टी आली. ताई दर संकष्टीला उपास करते. आईने सकाळी देवासमोर उभं राहून त्याला सरळ सांगितलं की या खेपेला तिचा उपास मी करते, तू आड येऊ नको, आणि ताईला घावण्याचं ताट दिलं. करवंट्या त्याच होत्या, फक्त कुंकवाचे ठिपके नव्याने लावलेले.

हे दहा दिवस पहिल्यापेक्षा कठीण गेले. पाचव्या दिवशी डोकेदुखी आणि उजवा हात थोडा वेळ थरथरला. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी घाबरू नका म्हणून सांगितलं, सूज उतरवणारी गोळी वाढवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून फोन करून विचारलं कशी आहे म्हणून. तेव्हा मला ते थोडे बरे वाटले.

उन्हाळ्यात तिसरा स्कॅन झाला. चार गाठी गेल्या होत्या, पाचवीचा एक पांढरा कडक ठिपका उरला होता. तो मेलेल्या गाठीचा व्रण, तो राहणारच, त्याने आता भीती नाही, मात्र फिटची गोळी अजून काही वर्षं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, आणि शेवटी मी सांगितलेलं एक वाक्यही, की हा आजार आनुवंशिक नाही आणि लग्नाआधीपासूनचा होता असं म्हणायला काही आधार नाही. या वाक्यासाठी मी पंधरा मिनिटं खुर्ची सोडली नव्हती.

भावोजी आले. रिपोर्ट वाचला, मान डोलावली, म्हणाले, चल, बॅग भर. मी तोंड उघडणार एवढ्यात ताई बोलली. वर्षभरात ती त्यांच्याशी एवढं सलग कधी बोलली नसेल. "मी येते. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांच्या शौचाच्या डब्या लॅबमध्ये येऊ देत. तुमची, आईंची, पोरीची. पोरीच्या ताटात काय जातंय ते मला बघायचंय."

भावोजी म्हणाले, आई ऐकायची नाही. मी म्हटलं, फोनवर तर बरंच ऐकवायचात, आता समोर ऐकवा. पण नातीचं नाव निघालं तिथे सासू नमली असावी. तिच्या डोक्यातही तेच झालं तर, हा विचार तिला बाकी कशापेक्षा जड गेला असणार. भावोजींनी रजा वाढवली आणि तीन सकाळी मोटारसायकलवरून डब्या घेऊन आले. तिघांच्या, रोजच्या ताज्या. वाडीतल्या कोणाला कळू नये म्हणून सासूने त्या पेढ्यांच्या रिकाम्या बॉक्समध्ये, वर रबर लावून पाठवल्या होत्या.

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

सासूची पहिली स्लाइड मी लावली तेव्हा मला त्यात अंडं सापडावं असं वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, मी शोधत होते. एरवी एका स्लाइडला जेवढा वेळ देते त्याच्या तिप्पट दिला. गोल, जाड काठाचं, तपकिरी काही दिसलं की मी भिंग बदलून जवळ जायचे, आणि ते हवेचा बुडबुडा निघायचा, नाहीतर न पचलेल्या भाजीचा तुकडा. वर्षभर ऐकलं होतं, माहेरचं, माहेरचं. मला काचेवर लिहून हवं होतं, सासरचं. ती देवळात तांदळाचे दाणे बघत बसली होती, आणि मी इथे तेच करत होते. फरक एवढाच की माझ्या हातात डिप्लोमा होता.

तीन दिवस, नऊ डब्या. काही निघालं नाही. ताईची आणि आमची तपासणी मागेच झाली होती, त्यातही नव्हतं. कुठून आलं ते कळणार नाही. कुठल्या जत्रेतली काकडी असेल, कोणाच्या लग्नातली कोशिंबीर असेल. रिपोर्टवर मी जे दिसलं तेच लिहिलं आणि सहीसाठी लॅबच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

ताईला सांगितलं तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला कोणीतरी सापडायला हवं होतं ना?" मी म्हटलं, तुला नको होतं? ती म्हणाली, "मला पोर हवी होती." आणि बॅग भरायला लागली. आईने बॅगेत सहा नारळ घातले. ताईने दोन काढून ठेवले, जड होतात म्हणून. आईने ते पुन्हा घातले.

सासूने नंतर वाडीत सांगितलं म्हणे, बघा, तपासलं, आमच्यात काय नाय. हे ऐकून मी पुन्हा पेटले. तुमच्यात नाही हे ठरवायला तुम्हाला तीन दिवस लागले, आणि आमच्यात आहे हे ठरवायला तांदळाचा एक दाणा पुरला. माफी कोणी मागितली नाही. कौल चुकला, असंही कोणी म्हणालं नाही.

पुढच्या शिमग्याला पालखी त्यांच्या घरी येणार होती म्हणून मला बोलावलं. गेले. ओटीवर पाहुणे, मुंबईकर, भावकी, सगळे बसलेले. ताईची गोळीची वेळ झाली. सासूने डोळ्यांनीच खूण केली की आत जाऊन घे. ताईला खूण दिसली होती, मी बघत होते. ती ओटीवरच बसली, मुलीला पाण्याचा तांब्या आणायला सांगितलं आणि पाकिटातून गोळी काढली. मुंबईच्या एका चुलतसासूने विचारलं, कसली गो गोळी? ताई म्हणाली, "फिटची." मुलगी तांब्या दोन्ही हातांनी धरून आली.

सासू उठून आत गेली. मला वाटलं, झालं, आता भांड्यांचा आवाज येणार. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. घावणं आणि त्यावर नारळाचा रस. ते तिने ताईपुढे सरकवलं आणि म्हणाली, रिकाम्या पोटी घेऊ नको.

फिटच्या गोळीला खोबरं लागत नाही. ते मी तिला सांगितलं नाही.